निकाल नेमका कुठे अडतो?

विद्यापीठाची संगणकीय सेवा कशी चालते हे पाहायचे तर कलिन्याच्या परीक्षा भवनात बसून भागत नाही, कळंबोलीत यावे लागते. मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र कुलाब्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्ह्यांचे. त्या नकाशावर कळंबोली तशी हाकेच्या अंतरावर. तरीही इथल्या मुलाच्या गुणपत्रिकेत दिलेल्या पेपरापुढे 'गैरहजर' छापून आले, की मानसरोवर किंवा खांदेश्वरहून हार्बर लोकल, कुर्ल्याला उतरून बस नाहीतर रिक्षा, आणि मग खिडकीपुढची रांग. पोलाद बाजारात कारकुनी करत शिकणारा असेल तर एक खाडा पक्का. सावंतवाडीच्या मुलाची तर रात्रभराची गाडी. म्हणून सेवेचे मोजमाप सोपे धरावे: एका कामासाठी विद्यार्थ्याला किती हेलपाटे पडतात?

या मापाने पाहिले, तर सेवेचे तीन थर दिसतात. साधन, म्हणजे सर्व्हर, पोर्टल, स्कॅनर. प्रक्रिया, म्हणजे कागद किंवा नोंद कुणाकडून कुणाकडे, कोणत्या क्रमाने जाते. आणि जबाबदारी, म्हणजे चूक झाली तर ती दुरुस्त कोण करणार. निविदा निघते ती पहिल्या थराची. बिघाड मात्र बहुतेकदा दुसऱ्यात होतो आणि चिघळतो तिसऱ्यात. याचा पुरावा मुंबई विद्यापीठानेच 2017 साली दिला.

त्या वर्षी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांनी सर्व विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घेतला. कल्पना वाईट नव्हती. अभियांत्रिकीच्या उत्तरपत्रिका आधीपासून अशा तपासल्या जात होत्या. कागद हाताळताना होणारी फेरफार टळते, बेरजेच्या चुका जातात, छायाप्रत मागितली तर लगेच देता येते. पण एका शाखेवरून एकदम सगळ्या शाखांवर उडी मारली गेली, आणि तीही उन्हाळी सत्राच्या ऐन मध्यावर. बंगळुरूच्या एका कंपनीला हे काम देण्याचे ठरेपर्यंत परीक्षा सुरू झाल्या होत्या. 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका, पावणेपाचशेच्या आसपास परीक्षा, आणि रंगीत तालीम शून्य.

इथे थोडे गणित करू. समजा, स्कॅनिंगमध्ये हजारातल्या एकाच उत्तरपत्रिकेचा घोटाळा होतो. 17 लाखांत त्या 1,700 झाल्या. विद्यार्थी सरासरी सहा पेपर देतो असे धरले, तर उत्तरपत्रिकांमागे विद्यार्थी सुमारे पावणेतीन लाख. पण एका पेपराचे गुण नसले तरी त्या मुलाचा अख्खा निकाल राखून ठेवावा लागतो. म्हणजे हजारात एक चूक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते तेव्हा हजारात सहा झालेली असते. कंपनी '99.9 टक्के अचूक' म्हणते तेव्हा खोटे बोलत नाही, फक्त ती उत्तरपत्रिका मोजते आणि रांगेत माणसे उभी असतात. प्रत्यक्षात गोंधळ याहून पुष्कळ मोठा झाला: एका विषयाचे गठ्ठे दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांच्या पडद्यावर गेले, उत्तरपत्रिका एकीकडे आणि पुरवणी दुसरीकडे राहिली, काहींचा पत्ताच लागेना.

पुरवणीपाशी जरा थांबू, कारण सगळा प्रश्न त्या चार पानांत सापडतो. मुख्य उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो. त्यावरून यंत्र तिला ओळखते. पुरवणी ही दोऱ्याने बांधलेली वेगळी वस्तू. स्कॅन करण्यासाठी दोरा सोडला, की दोघींचे नाते फक्त क्रमांकावर उरते, आणि तो क्रमांक जुळवण्याची पायरी कच्ची असेल तर पुरवणी पोरकी होते. पुढच्या परीक्षेला विद्यापीठाने यावर उपाय काढला: पुरवणी देणेच बंद, असे परिपत्रक. भरपूर लिहिणारी मुले, त्यात विधी शाखेची विशेष, अडचणीत आली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. यंत्राला जमत नाही म्हणून विद्यार्थ्याने कमी लिहावे, हा उलटा न्याय आहे.

त्या उन्हाळी परीक्षांच्या निकालांसाठी तत्कालीन राज्यपाल आणि कुलपती चे. विद्यासागर राव यांनी 31 जुलैची मुदत घातली होती, ती टळली. शेवटचे निकाल सप्टेंबरात लागले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 नुसार परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावायचा असतो. ऑक्टोबर 2017 मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. 1857 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात ते पहिल्यांदाच घडले. जबाबदारीचा तिसरा थर असा एका माणसाच्या गच्छंतीने भरून निघाला असे मला वाटत नाही.

त्याच विद्यापीठाने प्रश्नपत्रिका महाविद्यालयांना इंटरनेटवरून पाठवायची आणि तिथेच छापायची पद्धत त्याआधी आणली होती. ती निर्दोष नाही, पण टिकली. कारण तिथे बदलली ती फक्त वाहतूक. बाकी परीक्षा होती तशीच राहिली. एका वेळी एकच सांधा बदलावा, हा इथला धडा.

आता प्रवेशासाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या योजनेतून दिल्ली विद्यापीठात तयार झालेली 'समर्थ' प्रणाली आली आहे. त्याआधी एमकेसीएलचे (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचे) 'डिजिटल युनिव्हर्सिटी' होतेच. प्रणाली बदलतात, पुरवठादार बदलतात. विद्यार्थ्याची नोंद मात्र पन्नास वर्षे जपावी लागते. तेव्हा कायमस्वरूपी नोंदणी क्रमांकाला बांधलेली मूळ नोंदवही विद्यापीठाच्या स्वतःच्या ताब्यात हवी आणि पुरवठादाराला तिच्यापर्यंत येण्यापुरतीच वाट द्यावी. नवी पद्धत एका शाखेत, एका सत्रात, जुनीच्या बरोबरीने चालवून दोन्हींचे गुण ताडून पाहावेत. तपासणीत दुपटीचे काम पडेल, पडू द्या. आणि 'राखीव' अशा एका शब्दावर मुलाची बोळवण करू नये: उत्तरपत्रिका स्कॅन झाली का, तपासली का, कुठे आहे, हे त्याला कळंबोलीत मोबाइलवर दिसावे. कुरिअरचे पार्सल कुठवर आले हे कळते, उत्तरपत्रिकेचे का कळू नये?

2016 च्या त्याच कायद्याने विद्यापीठात माहिती तंत्रज्ञान मंडळ हे प्राधिकरण निर्माण केले आहे. त्यामुळे अधिकार नाहीत ही सबब चालणार नाही. या मंडळाने दर सत्राअखेर किती निकाल राखीव राहिले, किती दिवसांत सुटले आणि किती विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कलिन्याला यावे लागले, हे तीन आकडे जिल्हावार जाहीर करावेत.