हात जोडायचे की नाही?

मागच्या भागात परिपाठाचा विषय निघाला होता, तो आज पुढे नेऊया. मी गोडदेवचा, भाईंदर पूर्वेचा. आमच्या शाळेत राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना असं सगळं एका दमात व्हायचं. यातलं काय देशासाठी आणि काय देवासाठी, हे कुणी वेगळं करून सांगितलं नाही. सवयीने हात जोडायचो, सवयीने पुढे करायचो.

पण नाशिकच्या एका शिक्षकांनी हात जोडले नाहीत. शाळेचं नाव सावित्रीबाई फुले माध्यमिक विद्यालय. म्हणजे बघा, ज्या जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्यांच्या घरातलं नाव पाटीवर, आणि वाद कशावरून तर प्रार्थनेत हात न जोडल्यावरून! गुरुजी प्रार्थनेला हजर असायचे. पण प्रार्थना धार्मिक स्वरूपाची आहे, म्हणून हात जोडणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. शाळेच्या लेखी ही बेशिस्त झाली आणि वाढीव वेतनश्रेणी अडली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २०१३ मध्ये न्या. अभय ओक आणि न्या. रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने सांगितलं की शिक्षकाला हात जोडायची सक्ती करणं हे मूलभूत हक्काचं उल्लंघन आहे.

मला यात पगाराचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. तुमच्या श्रद्धेशी भांडण आहे असं तोंडावर कुणी म्हणत नाही, फाइल अडते.

याच्या आधीचा मोठा निकाल केरळचा. १९८५ मध्ये यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेतून काढून टाकलं. ११ ऑगस्ट १९८६ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला सांगितलं: राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदाच नाही, आणि आदराने उभं राहणं हा अपमान होत नाही. अमेरिकेत याच पंथाच्या मुलांनी ध्वजवंदनाला नकार दिला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९४० मध्ये सक्ती योग्य ठरवली आणि तीनच वर्षांत, तेही महायुद्ध चालू असताना, स्वतःचा निकाल फिरवला.

आता प्रतिज्ञा. ती घटनेत नाही बरं का! १९६२ मध्ये विशाखापट्टणमला पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या कोषागार अधिकाऱ्यांनी तेलुगूत लिहिली, आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभरच्या शाळांत आली. तेव्हा शिक्षणमंत्री होते एम. सी. छागला, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. यादी वाढतेच आहे: २०२० पासून आपल्याकडे उद्देशिकेचं वाचन, २०२३ पासून राज्यगीत. उद्देशिकेचं मला व्यक्तिशः आवडतं, निदान त्यात श्रद्धा आणि उपासनेचं स्वातंत्र्य मुलांच्या कानावर तरी पडतं.

प्रार्थनेचं मात्र वेगळं आहे. कलम २८(३) म्हणतं की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत धार्मिक उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही, त्यासाठी संमती लागते आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची. गुरुजी कोर्टात जाऊ शकले. चौथीतलं पोर कुठे जाणार? अॅडमिशन फॉर्मवर रक्तगटाचा रकाना असतो, जातीचा असतो. या संमतीचा रकाना मी तरी आजवर पाहिलेला नाही.