उपवासाचा साक्षीदार कोण?

उपवास आपल्या मुलखात कुणाला शिकवावा लागत नाही. आषाढी एकादशीला शेजारच्या घरात साबुदाणा भिजतो, रमजानमध्ये आमच्या घरात पहाटे सहेरीसाठी दिवा लागतो. या उपवासांना कुणी पुरावा मागत नाही, मागूही नये. ती श्रद्धेची गोष्ट आहे आणि श्रद्धेनं वजन उतरवून देण्याचा वायदा केलेला नसतो. पण ‘इतके दिवस उपाशी राहा, दहा किलो उतरतील, साखर जाईल, गुडघे मोकळे होतील’ असं कुणी सांगू लागलं, की तो माणूस बाजारात उभा असतो. आणि बाजारात काटा तपासून घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो.

मी वैद्य नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण इतिहास वाचण्याची खोड आहे. उपाशी राहण्याचा हा बाजार अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भरात होता. काटा कसा तपासावा, हे त्या काळाकडे पाहून शिकता येतं.

१८८० साली डॉ. हेन्री टॅनर या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या एका सभागृहात चाळीस दिवस अन्न न घेता राहण्याचा पण केला. अहोरात्र पहारे बसले, वजनं झाली, वर्तमानपत्रांतून रोज हकिकत छापून येऊ लागली. ७ ऑगस्टला दुपारी त्यांनी उपवास सोडला, तेव्हा त्यांचं वजन सुमारे सोळा किलोंनी उतरलं होतं. लोकांनी जयजयकार केला. आता विचारू या, सिद्ध काय झालं? एक धडधाकट माणूस एकदा चाळीस दिवस अन्नाशिवाय जगला, एवढंच. कुठला रोग बरा झाला, हे त्यात कुठेच नव्हतं. पण ‘उपाशी राहून जगता येतं’ यातून ‘उपाशी राहून बरं होता येतं’ इथवर लोकांच्या मनानं परस्पर उडी मारली. असल्या सल्ल्यांचा व्यापार या उडीवरच चालतो.

पुढे अप्टन सिंक्लेअर यांच्यासारखा नामवंत लेखक यात उतरला. शिकागोच्या कत्तलखान्यांवरची त्यांची कादंबरी १९०६ साली गाजली होती. लेखणी प्रामाणिक, वाचकांचा विश्वास मोठा. स्वतःला उपवासानं बरं वाटलं म्हणून त्यांनी मासिकात लेख लिहिला, वाचकांची पत्रं मागवली आणि १९११ मध्ये उपवासोपचारावर पुस्तक काढलं. त्यात २७७ उपवासांचा हिशेब दिला. बहुतेकांना गुण आलेला. आकडा भारदस्त वाटतो. पण पत्र कोण लिहितं? ज्याला बरं वाटलं तो. ज्याला काही फरक पडला नाही, तो सहसा पोस्टाचं तिकीट खर्च करत नाही. आणि जो मेला, त्याचं पत्र कधीच येत नाही.

न आलेल्या त्या पत्रांचा ठावठिकाणा त्याच वर्षी लागला. वॉशिंग्टन राज्यात लिंडा हॅझर्ड नावाची बाई उपवासानं रोग बरे करत असे. तिच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती, पण कायद्यातल्या एका सवलतीमुळे राज्याचा परवाना होता. १९०८ मध्ये तिचं पुस्तक निघालं होतं. त्या पुस्तकाची जाहिरात वर्तमानपत्रात पाहून क्लेअर आणि डोरा विल्यमसन या श्रीमंत इंग्रज बहिणी १९११ च्या फेब्रुवारीत तिच्याकडे आल्या. दुखणी म्हणावीत तर किरकोळच. त्यांना दिवसचे दिवस टोमॅटोच्या पातळ कढणावर ठेवलं, एनिमा दिले, मग ओलाला गावच्या तिच्या आश्रमात हलवलं. मे महिन्यात क्लेअर गेली. तेव्हा तिचं वजन पंचवीस किलोही नव्हतं. लहानपणी या मुलींना सांभाळणारी मार्गारेट कॉनवे ऑस्ट्रेलियाहून समुद्र ओलांडून धावत आली. तिला डोरा दिसली ती तीस किलोंच्या आतली, हाडांचा सापळा झालेली. बहिणींच्या पैशांवर आणि दागिन्यांवर हॅझर्डबाईंचा हात फिरलेला होता. मार्गारेटनं डोराला तिथून सोडवलं. पुढे खटला उभा राहिला. १९१२ च्या आरंभी हॅझर्डबाई सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरली. तिच्या हाताखाली डझनभराहून जास्त माणसं दगावली होती आणि ‘रोगच बळावला होता’ हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. म्हणजे रोगी वाचला तर श्रेय उपवासाचं, मेला तर दोष रोगाचा. ज्या उपायाला हरताच येत नाही, त्याची परीक्षा कशी करणार?

आता त्याच १९१२ सालची दुसरी हकिकत. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बोस्टनमध्ये, फ्रान्सिस बेनेडिक्ट या शास्त्रज्ञानं आपल्या प्रयोगशाळेत मॉल्टाच्या अगोस्टिनो लेवान्झिन नावाच्या उपवासप्रेमी माणसाला एकतीस दिवस केवळ ऊर्ध्वपातित पाण्यावर ठेवलं. रोज वजन, रोज नाडी. रात्री त्याला बंद पेटीवजा खोलीत झोपवून श्वासाची आणि उष्णतेची मोजणी. वजन ६०.६ किलोवरून ४७.४ वर आलं. पण बेनेडिक्टनं काट्यावर भागवलं नाही. त्यानं लघवीतला नायट्रोजनही रोज मोजला. त्यावरून कळलं, की चरबीबरोबर शरीराचं मांसही रोज जळत होतं. आज आपल्याला हेही ठाऊक आहे, की पहिल्या तीन-चार दिवसांत काटा झरझर उतरतो त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो. ‘किती उतरलं’ याच्या जोडीला ‘काय उतरलं’ हे विचारायचं असतं.

सांगणाऱ्याला पारखण्याची एक जुनी शिस्त आमच्या परंपरेत आहे. नवव्या शतकात इमाम बुखारींसारखे विद्वान हदीस जमवत, तेव्हा वचन सुंदर आहे एवढ्यावर ते थांबत नसत. तुला हे कुणी सांगितलं? त्याला कुणी? ते दोघं खरोखर भेटले होते का? सांगणारा खरं बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती धड होती का? या साखळीला इस्नाद म्हणतात. एक कडी निखळली, की वचनाचं वजन घटतं.

ही शिस्त आपल्या मोबाईलवर येणाऱ्या संदेशांना लावून बघा. ‘उपवासाच्या शोधाला नोबेल मिळालं’ हा संदेश घ्या. २०१६ चं पारितोषिक जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं हे खरं. पण ते पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरते, या शोधासाठी. आणि त्यांचं पायाभूत काम होतं यीस्टच्या पेशींवर. माणसानं किती तास उपाशी राहावं, याचा निवाडा त्यात नाही. यीस्टपासून तुमच्या-माझ्या पोटापर्यंत येताना साखळी तुटली, आणि ती सांधली ती संदेश पाठवणाऱ्यानं.

उलट, नीट साक्ष कशी असते तेही पाहू. चीनमध्ये ग्वांगझू इथं १३९ स्थूल माणसांवर वर्षभर प्रयोग झाला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं खाणं सारखंच कमी केलं. निम्म्यांनी सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्या वेळातच जेवायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षअखेर पहिल्यांचं वजन सरासरी आठ किलो उतरलं, दुसऱ्यांचं सव्वासहाच्या आसपास. फरक इतका थोडा, की तो योगायोगाचाही असू शकेल. म्हणजे वेळ बांधून जेवल्यानं वजन उतरतं, पण तेवढंच कमी खाल्ल्यानंही जवळपास तेवढंच उतरतं. मला त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटली. शेवटपर्यंत ११८ जणच राहिले, हेही त्यांनी छापलं. जे गळाले त्यांचाही हिशेब ठेवला.

तेव्हा कुणी उपवासाचा सल्ला दिला, की शांतपणे विचारावं: किती जणांनी केला? किती जणांनी मधेच सोडला? कुणाला त्रास झाला? वर्षानंतर वजन कुठे होतं? आणि हा सल्ला कुणी घेऊ नये? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तिथून उठावं. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा गोळ्या घेणारा माणूस डॉक्टरांना न विचारता उपाशी राहिला, तर साखर एकाएकी उतरून त्याच्या जिवावर बेतू शकतं. कुराणानं रोजा सांगितला, तिथंच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलतही सांगितली. धर्म जिथं सवलत देतो, तिथं पुस्तकविक्या वैद्यानं का देऊ नये?

राहता राहिला सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा. ‘ते स्वतः करतात हो’ असं आपण भारावून म्हणतो. हॅझर्डबाई सुमारे दोन वर्षांत सुटली, तिला माफीही मिळाली. न्यूझीलंडला जाऊन ती १९२० मध्ये ओलालाला परतली आणि पुन्हा आश्रम बांधून बसली. १९३८ साली ती आजारी पडली. आपल्याच पुस्तकातला उपाय तिनं स्वतःवर केला आणि उपाशी राहूनच मेली. तिचा त्या उपायावर पूर्ण विश्वास होता. आणि उपाय चुकीचाच होता.