जठरातील जिवाणू आणि स्थलांतराची साक्ष

१/ यवतमाळ जिल्ह्यात मराठीच्या शेजारी गोंडी आणि कोलामी नांदतात. मराठी इंडो-आर्य कुळातील, उरलेल्या दोन्ही द्राविडी. भाषांची कुळे भिन्न, मग ती बोलणाऱ्यांच्या पूर्वजांच्या वाटाही भिन्न होत्या का? भारतीय इतिहासातील या जुन्या वादात एक नवा साक्षीदार उभा राहिला. तो म्हणजे जठरातील जिवाणू, हेलिकोबॅक्टर पायलोरी.

२/ १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. जठरव्रणाचे खापर तोवर चिंतेवर व तिखटावर फुटत असे. खरे कारण बहुतांशी हा जिवाणू होता. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले.

३/ हा संसर्ग बहुधा बालपणी, घरातील माणसांकडूनच होतो आणि उपचाराअभावी जन्मभर टिकतो. जिवाणूची जनुके झपाट्याने बदलतात. त्यामुळे माणसे पांगली, तसे त्याचे वाणही निराळे झाले. २००४ मध्ये लडाखमधील बौद्ध व मुस्लिम समाजांतील भेद या जिवाणूच्या जनुकांतून दिसून आला.

४/ वाणाचा रोगाशीही संबंध आहे. ‘कॅग-ए’ हे जनुक असलेले वाण अधिक घातक. त्याचा पूर्व आशियाई प्रकार जठराच्या पेशींमधील यंत्रणा अधिक बिघडवतो. जपानमध्ये जठराचा कर्करोग अधिक आढळण्यामागे हे एक कारण मानले जाते. भारतात संसर्ग सर्रास, कर्करोग मात्र तुलनेने कमी.

५/ २००७ मध्ये हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेतील नियाज अहमद व सहकाऱ्यांनी भारतीय नमुन्यांतील ७ जनुके तपासली. सर्व नमुने ‘युरोपीय’ गटातील निघाले. ‘कॅग’ जनुकसमूहही त्याच वळणाचा. इंडो-आर्यांचे आगमन व शेतीचा प्रसार यांच्याशी या निष्कर्षाचा मेळ बसू शकतो, असे त्यांनी सुचवले.

६/ २०१६ मध्ये चित्र पालटले. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या पोटातील जिवाणूचे जनुकीय वाचन झाले. त्याचे सर्वाधिक साम्य आज मध्य व दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणाशी निघाले! आजचा युरोपीय वाण संकरित असून त्यात आफ्रिकी अंश पुढे मोठ्या प्रमाणात मिसळला, असे संशोधकांनी अनुमान काढले.

७/ म्हणजे ‘युरोपीय’ हे नाव आजच्या नकाशावरून पडले. ते उगमस्थानाचे प्रमाण नव्हे. शिवाय सरस ठरलेला वाण जुन्याला हुसकावू शकतो, अशी शक्यता २००७ च्याच अभ्यासाने नोंदवली होती. जठरातील वाण बदलला, तरी माणसे तीच राहतात आणि त्यांची भाषाही. जिवाणूची साक्ष मोलाची खरी. पण ती भाषा, पुरातत्त्व व मानवी जनुके यांच्या साक्षीसोबतच वाचावी लागते.