उधन्याच्या वाटेवरून : रक्तबंधाचा इतिहास

गणदेवीकडून उधन्याच्या वाटेने आलेल्या शिवाजी महाराजांचा तळ ६ जानेवारी १६६४ रोजी सुरतेच्या बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेर पडला. दुसऱ्या दिवशी शहराचा अधिकारी इनायतखान याने तहाच्या मिषाने पाठविलेल्या तरुणाने महाराजांवर कट्यार उगारली. रक्षकाने त्याचा हात तत्क्षणी छाटला. तरी तो वेगाने महाराजांवर कोसळला व त्याच्या रक्ताने ते माखले. कैद्यांचे हात तोडल्याचे उल्लेखही इंग्रजी वृत्तान्तांत आहेत. या स्वारीच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु तुटल्या हाताचे रक्त थांबविण्यास त्या काळी कोणते साधन होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

आपल्याकडे ज्ञान नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेत रक्त थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन व दहन असे चार उपाय सांगितले आहेत. शिरावेधापूर्वी अवयव बांधण्याचा विधीही तेथे आहे. मात्र तो बंध रक्त काढण्यासाठी होता, राखण्यासाठी नव्हे. युरोपात हार्वे यांनी १६२८ मध्ये दंडाला बंध आवळूनच रुधिराभिसरण सिद्ध केले. रणभूमीवर काठीने पीळ देऊन आवळण्याचा बंध मोरेल यांनी वापरला तो बेझाँसोंच्या वेढ्यात, १६७४ साली. म्हणजे सुरतेच्या प्रसंगानंतर अवघ्या दहा वर्षांनी. १७१८ मध्ये पेती यांनी त्यास मळसूत्र जोडले, आणि १८७३ मध्ये एस्मार्च यांची रबरी पट्टी आली.

पहिल्या महायुद्धात, तासन्‌तास तसेच राहिलेल्या बंधांमुळे अवयव गमवावे लागले व हे साधन बदनाम झाले. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांच्या अनुभवाने ते पुन्हा प्रतिष्ठा पावले. दोष बंधाचा नव्हता. निवडीचा व विलंबाचा होता. दोरी किंवा तार मांसात रुतते. सैल बंध केवळ शिरा दाबतो, धमनी वाहतीच राहते आणि रक्तस्राव उलट वाढतो. म्हणून पट्टा सुमारे चार सेंटिमीटर रुंद व पीळ देण्याच्या दांडीचा असावा. जखम प्रथम घट्ट दाबावी. हातापायाचे रक्त तेवढ्याने न थांबल्यास जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांधा टाळून, रक्त थांबेपर्यंत पट्टा आवळावा, वेळ लिहून ठेवावी, मध्येच सैल करू नये आणि दोन तासांच्या आत रुग्णालय गाठावे.

आज उधना यंत्रमागांचे गाव आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडील असंख्य मराठी कुटुंबे तेथे पोटासाठी वसली आहेत. जेथे यंत्र आहे तेथे हात धोक्यात आहे. १६६४ मध्ये हे साधन अद्याप घडावयाचे होते. आज ते घडलेले आहे, केवळ कारागिराच्या हाताशी पोहोचावयाचे आहे. ज्ञान ग्रंथात असणे आणि वेळेवर हातात असणे, यांतील अंतर तोडणे हे शिक्षकाचेच कार्य होय.