मेस्त्रीची शाळा

पहिल्यांदा रेकॉर्डिंगला बसलो तेव्हा समोरच्या स्टँडवर नोटेशनचा कागद होता आणि मला तो वाचता येत नव्हता. मी मिरजेचा, कानानं शिकलेला. शेजारी गोव्यातल्या साष्टीचे एक वयस्कर व्हायोलिनवाले. त्यांनी कागदावर एकदा नजर फिरवली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि बो उचलला. चहाच्या सुट्टीत विचारलं, कुठं शिकलात? म्हणाले, "इगर्जीच्या शाळेंत. मेस्त्रीकडे."

मेस्त्री म्हटल्यावर मला गवंडी आठवला! त्यांचा मेस्त्री म्हणजे पोर्तुगीज 'मेस्त्र': चर्चचा गानमास्तर आणि पोरांचा शाळामास्तर, दोन्ही एकच माणूस.

गोव्यात इगर्जीला, म्हणजे चर्चला, जोडून अशा शाळा सोळाव्या शतकापासून निघाल्या. ख्रिस्ती झालेल्यांच्या मुलांना धर्म शिकवायचा आणि मिस्सेच्या प्रार्थनेत गाणारे गळे तयार करायचे, एवढाच हेतू. सुरुवातीला मिशनऱ्यांनी लोकांची भाषा धरली होती. 'क्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सनी मुलांसाठी धर्माची प्रश्नोत्तरं कोंकणीत लिहिली. ती १६२२ साली, त्यांच्या मागं, रायतूरला छापली गेली. मग १६८४ मध्ये व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, तीन वर्षांत कोंकणी सोडा, पोर्तुगीज बोला. कोंकणी काही सुटली नाही. फर्मानांनी भाषा मरत असत्या तर आज माझ्या शेजाऱ्याच्या तोंडी ती कुठून आली असती?

अक्षरं, आकडे, प्रार्थना हे सगळं होतंच, पण माझ्या शेजाऱ्याला त्या शाळेतला आठवायचा तो सॉल्फा. कितीतरी महिने हातात वाद्य नाही. फळ्यावर पाच रेघा, त्यावर मेस्त्रीची छडी फिरणार, पोरांनी दो रे मी म्हणायचं आणि उजव्या हातानं हवेत ताल धरायचा. चुकलं की तीच छडी बोटांवर. "आदीं गळ्यान, मागीर हातान," ते म्हणायचे. या मेस्त्रीचा पगार तुटपुंजा. लग्नं, लादाईनच्या प्रार्थना, मयत यांवर संसार.

पोरं तयार झाली चर्चसाठी आणि पोटासाठी आली मुंबईला. धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे आपापल्या गावच्या क्लबांत, राहिली, हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागली, नंतर सिनेमात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच एका गानमास्तराचे चिरंजीव. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव घालून मोकळे झाले. लोकांना वाटलं, विनोदी नाव आहे.

मी शेजाऱ्याला म्हटलं, मलाही वाचायला शिकवा. दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी आले. मी उत्साहानं व्हायोलिन काढलं. त्यांनी ते पुन्हा पेटीत ठेवायला लावलं, बशीवर चमच्यानं ताल धरला आणि म्हणाले, "म्हण, दो."