शालेय वेळेतील भ्रमणध्वनी वापरावरील निर्बंध

शालेय वेळेतील भ्रमणध्वनी वापरावरील निर्बंध म्हणजे शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत विद्यार्थ्यांनी भ्रमणध्वनी अर्थात मोबाइल जवळ बाळगणे किंवा वापरणे यांवर शाळा, शिक्षण मंडळ अथवा शासन यांनी घातलेली मर्यादा होय. या निर्बंधांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात फोन शाळेत आणण्यासच मनाई असते. दुसऱ्यात तो प्रवेशाच्या वेळी जमा करून सुटताना परत घ्यावा लागतो. तिसऱ्यात फोन दप्तरात ठेवता येतो, मात्र तासिकेच्या वेळी तो बंद ठेवणे बंधनकारक असते. महाराष्ट्रात, विशेषतः खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांसारख्या ग्रामीण भागात, हा विषय शिस्तीपुरता मर्यादित नाही. पालकांचे स्थलांतर, मुलींचा प्रवास आणि घरातील एकाच फोनवर होणारा अभ्यास यांच्याशीही तो निगडित आहे.

पार्श्वभूमी

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २००९ मध्ये परिपत्रक काढून संलग्न शाळांतील भ्रमणध्वनी वापरावर निर्बंध घातले. त्या काळी फोनचा उपयोग मुख्यतः बोलणे व संदेश पाठवणे एवढाच होता. पुढे स्वस्त स्मार्टफोन व आंतरजाल खेडोपाडी पोहोचले.

मार्च २०२० मध्ये कोरोना साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या आणि फोन हेच शिक्षणाचे प्रमुख साधन बनले. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या उपक्रमांतर्गत पाठ व स्वाध्याय व्हॉट्सॲपवरून पाठवले जाऊ लागले. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड व दीक्षा ॲप यांचा वापरही वाढला. असर सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले.

शाळा पुन्हा सुरू झाल्यावर फोन मात्र मुलांच्या हाती राहिला. असर २०२४ नुसार ग्रामीण भागातील १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरल्याचे सांगितले.

नियम व न्यायालयीन भूमिका

परीक्षेच्या काळात फोनवरील बंदी सर्वाधिक कठोर असते. जळगाव, धुळे, नंदुरबार व नाशिक हे जिल्हे राज्य मंडळाच्या नाशिक विभागीय मंडळाच्या कक्षेत येतात. दहावी-बारावीच्या परीक्षा दालनात विद्यार्थ्यांना फोन नेता येत नाही. परीक्षेतील गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

दैनंदिन शालेय वेळेबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिलेला आदेश महत्त्वाचा मानला जातो. सरसकट बंदी अनिष्ट व अव्यवहार्य असल्याचे मत नोंदवून न्यायालयाने काही मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. शक्य तेथे फोन जमा करून घ्यावेत, वर्गात वापर नसावा, शाळेच्या आवारात व वाहनांत छायाचित्रण करू देऊ नये, सुरक्षितता व संपर्क यांसाठी वापरास मुभा असावी आणि नियम पालक व शिक्षकांशी विचारविनिमय करून ठरवावेत, अशी ती तत्त्वे आहेत. नियमभंगाचे परिणाम स्पष्ट व न्याय्य असावेत, त्यांत अतिकठोरता नसावी, असेही न्यायालयाने म्हटले. हा आदेश महाराष्ट्रातील शाळांवर बंधनकारक नसला तरी धोरण आखताना मार्गदर्शक ठरू शकतो. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई असल्याने फोन आढळल्यावर विद्यार्थ्याला मारणे किंवा अपमानित करणे बेकायदेशीर ठरते.

खानदेशातील परिस्थिती

खानदेशातील अनेक शेतकरी कुटुंबांत स्मार्टफोन एकच असतो व तो वडीलधाऱ्यांकडे राहतो. केळी-कापसाचे भाव कळणे, व्यापाऱ्याशी बोलणे, शेतातील विद्युतपंप दूरून सुरू करणे ही कामे त्यावरच चालतात. अशा घरातील विद्यार्थ्याला फोन मिळतो तो रात्री. त्याच्या दृष्टीने शालेय वेळेतील बंदीपेक्षा फोनवरून दिलेला गृहपाठ ही मोठी अडचण ठरते.

साक्रीसारख्या तालुक्यांतून दिवाळीच्या सुमारास मजूर कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत व पश्चिम महाराष्ट्रात जातात. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे, वसतिगृहात किंवा आश्रमशाळेत असतात. आई-वडिलांशी बोलण्याचा त्यांचा मार्ग म्हणजे फोन होय. निवासी शाळेत पूर्ण बंदी लागू करताना मुलांना ठरलेल्या वेळी घरी बोलता येईल अशी सोय नसेल, तर हा संपर्कच तुटतो.

खेड्यांतून तालुक्याच्या गावी एसटीने जाणाऱ्या मुलींचा प्रश्न निराळा आहे. अहिल्याबाई होळकर योजनेतून त्यांना मोफत प्रवास मिळतो. तथापि बस चुकल्यास किंवा रद्द झाल्यास घरी कळवण्यासाठी पालक मुलीजवळ साधा बटणाचा फोन देणे पसंत करतात. सकाळी फोन जमा करून सुटताना परत देण्याची पद्धत येथे अधिक सोयीची ठरते.

ग्रामसभांचे प्रयोग

महाराष्ट्रात काही गावांनी शाळेबाहेरील वेळेसाठीही नियम केले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन संच व फोन बंद ठेवून मुले अभ्यासास बसतात. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामपंचायतीने त्याच वर्षी १८ वर्षांखालील मुलांच्या फोन वापरावर बंदीचा ठराव केला. वडगावच्या नियमात मोठी माणसेही सहभागी होतात, तर बान्सीचा ठराव मुलांपुरता होता.

मतभेद

निर्बंधांच्या समर्थनार्थ एकाग्रतेचा भंग, खेळ व संवादातील घट, चोरून छायाचित्रे काढणे आणि फोन असलेल्या व नसलेल्या मुलांतील भेद ही कारणे दिली जातात. विरोधकांच्या मते सरसकट बंदीमुळे फोनचा जबाबदार वापर शिकवण्याची संधी जाते. दिवसा फोन नाकारणारी शाळाच सायंकाळी व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवते, या विसंगतीकडेही लक्ष वेधले जाते. यावर उपाय म्हणून गृहपाठ फळ्यावर किंवा वहीत देणे, क्यूआर कोडवरील साहित्य शाळेच्याच संगणकावर दाखवणे, तातडीच्या निरोपासाठी कार्यालयातील फोन खुला ठेवणे आणि शिक्षकांनीही वर्गात खासगी कामासाठी फोन न वापरणे हे सुचवले जाते. शिक्षकांना शासकीय माहिती भरण्यासाठी फोन हाताळावा लागत असल्याने शेवटच्या सूचनेची अंमलबजावणी सहज होत नाही.

जागतिक स्थिती

फ्रान्सने २०१८ मध्ये कायद्याने प्राथमिक व निम्न माध्यमिक शाळांत फोन वापरावर बंदी घातली. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालानुसार तेव्हा चारांपैकी एकाहून कमी देशांत अशी बंदी होती. अध्ययनास पोषक असेल तेथेच तंत्रज्ञान वापरावे, अशी अहवालाची भूमिका आहे. त्यानंतर २०२५ मध्ये ब्राझील व दक्षिण कोरिया यांनीही शाळांतील फोन वापर मर्यादित करणारे कायदे संमत केले.