समोरचं नवं घर

घर बघायला गेलं की मी आधी शेजार बघतो. आईची सवय, दुसरं काय! गेल्या महिन्यात इथे कॅनबरात एक घर बघितलं. १९७०च्या आसपासचं, लाल विटांचं, मागे लिंबाचं झाड. गल्लीतली सगळीच घरं त्या वयाची. समोरच्या प्लॉटवर मात्र दोन करकरीत नवी घरं, एकमेकांना खेटून. "बिल्डर घुसलेला दिसतोय," मी म्हटलं. बायको म्हणाली, "की फ्लफी?"

इथल्यांना एवढं पुरतं. तिकडच्या मंडळींसाठी जरा मागे जातो.

कॅनबराची थंडी वाईट. रात्री पारा शून्याखाली. १९६८ साली एका कंत्राटदाराने घराच्या छताखालच्या पोकळीत ॲस्बेस्टॉसचा भुगा भरून द्यायचा धंदा काढला. मोठ्या नळीने तो माळ्यावर फुंकायचा, पिंजलेल्या कापसासारखा पसरायचा, की घर उबदार! लोकांच्या तोंडी या धंद्याचं नाव 'मिस्टर फ्लफी'. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्याच १९६८ साली सरकारच्याच एका आरोग्यतज्ज्ञाने हे थांबवा असं लिहून दिलं होतं. धंदा १९७९पर्यंत चालला.

सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस निदान बांधलेला असतो. कापला, फोडला, घासला तर त्रास. हा भुगा सुटा. तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर आत जातात आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग कधी कधी तीस-चाळीस वर्षांनी उगवतो.

१९८८ ते १९९३ सरकारने जुनी घरं तपासली. हजाराच्या वर सापडली. माळे साफ केले, उरलेसुरले तंतू चिकटून राहावेत म्हणून वरून फवारणी केली आणि मालकांना काम पूर्ण झाल्याचा दाखला दिला. माझं मन अडकतं ते इथे. पुढची वीस वर्षं तो दाखला बघून लोकांनी ही घरं विकत घेतली. कर्ज काढलं, मुलं वाढवली. फसवलं कुणी नव्हतं. कागद होता, शिक्का होता. पण भुगा भिंतींच्या पोकळीत केव्हाच उतरला होता, आणि तिथे कोणी हात घातलेला नव्हता.

डाउनर भागातलं एक घर त्या मोहिमेतून निसटलं होतं. २०१३ साली ते काळजीपूर्वक उकलून पाडलं तेव्हा तंतू कुठे कुठे पोचतात ते कळलं. मग २०१४मध्ये मालकांना पत्रं गेली. काही घरांत कपाटांतही तंतू निघाले. ऑक्टोबर २०१४मध्ये सरकारने घरं विकत घेऊन पाडायचं ठरवलं. त्यासाठी केंद्राने एक अब्ज डॉलर कर्जाऊ दिले. भाव मिळाला तो घरात ॲस्बेस्टॉस नाहीच असं धरून. न्याय्यच म्हणायचं. पाडून झाल्यावर स्वतःची जमीन परत घ्यायचा पहिला हक्कही मालकाला होता, पण त्या वेळच्या बाजारभावाने.

समोरच्या आजींना तो परवडला नाही, असं शेजाऱ्याने सांगितलं. चाळीस वर्षं राहिल्या होत्या. नातवंडांची उंची ज्या चौकटीवर खुणा करून ठेवली होती ती चौकटसुद्धा नेऊ दिली नाही म्हणे.

फ्लफीच्या घरांची यादी आता कुणालाही बघता येते. आम्ही बघत असलेला पत्ता त्यात नाही. वळचणीला आणि न्हाणीघरात मात्र पत्रे आहेत, त्या काळच्या घरात असायचेच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अरे, आपल्या पडवीवर तेच तर होते!" होते खरे. त्यांचे फुटके तुकडे घेऊन आम्ही अंगणात ठिकरीचे चौकोन आखायचो, आणि हाताला लागलेली पांढरी पूड चड्डीला पुसायचो. तिकडे ते पत्रे अजून विकले जातात.

लिंबाच्या झाडावर बायकोचा फार जीव जडलाय. शनिवारी तपासनीस येणार आहे, माळ्यावरही चढणार आहे. त्याचा अहवाल आला की बघू.